ऊर्जा : संकल्पना, प्रमुख स्वरूपे आणि रूपांतर
(कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या आधारे एक विवेचन)

गोषवारा

ऊर्जा हा शब्द आज विज्ञानाबरोबरच अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, वाणिज्य आणि साहित्य या विषयांच्या वर्गांतही वारंवार उच्चारला जातो. मात्र ऊर्जा, शक्ती, बल आणि कार्य या संज्ञांची सरमिसळ झाल्यामुळे अनेक चर्चा मुळातच संदिग्ध राहतात. ‘ऊर्जा नष्ट होत नाही’ हा नियम आणि ‘ऊर्जा वाचवा’ हे आवाहन यांत विसंगती असल्याचेही अनेकांना वाटते. प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील कोयना जलविद्युत प्रकल्पाचे उदाहरण घेऊन ऊर्जेची प्रमुख स्वरूपे, त्यांचे परस्पर रूपांतर, ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आणि ऊर्जेच्या उपयुक्ततेचा ऱ्हास यांचे विवेचन केले आहे. वर उल्लेखिलेली विसंगती केवळ वरवरची असल्याचे त्यातून स्पष्ट होते.

बीजशब्द : ऊर्जा, शक्ती, स्थितिज ऊर्जा, गतिज ऊर्जा, अक्षय्यता, एन्ट्रॉपी, कोयना प्रकल्प.

१. प्रस्तावना

भौतिकशास्त्रात ऊर्जा या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे, परंतु ही संकल्पना तुलनेने अलीकडची आहे. न्यूटनच्या काळात बल, वस्तुमान आणि गती यांची मांडणी झाली होती. ‘एनर्जी’ हा शब्द आजच्या अर्थाच्या जवळ जाणाऱ्या अर्थाने थॉमस यंग यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वापरला. ‘स्थितिज ऊर्जा’ ही संज्ञा तर विल्यम रँकिन यांनी १८५३ मध्ये रूढ केली. याचा अर्थ असा की, वाफेची यंत्रे प्रथम चालू लागली आणि ती कशाच्या आधारे चालतात याची शास्त्रीय भाषा नंतर घडली.

मराठीत ही भाषा अद्याप पुरेशी स्थिर झालेली दिसत नाही. ‘विद्युतशक्ती’, ‘अणुशक्ती’ आणि ‘सौरशक्ती’ या शब्दांत ‘शक्ती’ हा शब्द ऊर्जा या अर्थाने येतो, तर ‘अश्वशक्ती’ या शब्दात तो काटेकोर शास्त्रीय अर्थाने येतो. प्रश्न केवळ शब्दांच्या शुद्धतेचा असता तर तो परिभाषा कोशांवर सोपवता आला असता. परंतु विजेचे देयक, कृषिपंपांची आकारणी आणि धरणातील पाण्याचे वाटप यांविषयीची मते याच शब्दांच्या आधारे बनत असतात. म्हणून या संकल्पनांची उकल सर्व विद्याशाखांच्या अध्यापकांसाठी आवश्यक ठरते.

२. बल, कार्य, ऊर्जा आणि शक्ती

एखाद्या वस्तूवर बल लावले आणि बलाच्या दिशेने तिचे विस्थापन झाले, तर कार्य घडले असे म्हणतात. बल आणि विस्थापन यांचा गुणाकार म्हणजे कार्य होय. डोक्यावर पोते घेऊन एका जागी उभा असलेला हमाल थकतो, हे खरे. पण पोते जागचे हलत नसल्याने पोत्यावर कार्य घडत नाही. त्याच्या स्नायूंतील रासायनिक ऊर्जा या काळात उष्णतेत रूपांतरित होत असते. श्रम आणि कार्य यांतील हा भेद ध्यानात घेतल्यास पुढील अनेक गैरसमज टळतात.

कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा, ही शालेय व्याख्या प्रारंभासाठी पुरेशी आहे. कार्य आणि ऊर्जा या दोहोंचे एकक ज्यूल हेच आहे. कार्य करण्याचा, म्हणजेच ऊर्जा रूपांतरित होण्याचा कालसापेक्ष दर म्हणजे शक्ती. तिचे एकक वॅट असून एका सेकंदास एक ज्यूल म्हणजे एक वॅट होय. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. आपण ज्याला विजेचे ‘युनिट’ म्हणतो तो किलोवॅट-तास आहे. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की ३६ लाख ज्यूल, म्हणजेच एक युनिट ऊर्जा खर्ची पडते. थोडक्यात, वॅट हा दर आहे आणि युनिट हे परिमाण आहे. नळाची धार आणि हंड्यात साठलेले पाणी यांत जो फरक आहे, तोच या दोहोंत आहे.

३. ऊर्जेची प्रमुख स्वरूपे

ऊर्जेच्या स्वरूपांची यादी पाठ्यपुस्तकात सुटी सुटी दिलेली असते. ती एका साखळीच्या रूपात पाहिली तर अधिक अर्थपूर्ण होते. कोयना प्रकल्पात ही साखळी सूर्यापासून घरातील दिव्यापर्यंत सलगपणे दाखवता येते.

*अणुकेंद्रकीय व प्रारण ऊर्जा :* सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनच्या केंद्रकांचे संमीलन होऊन हेलियम तयार होतो. या प्रक्रियेत वस्तुमानाचा अल्प अंश ऊर्जेच्या रूपाने मुक्त होतो. वस्तुमान आणि ऊर्जा यांची ही सममूल्यता आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडली. तीनुसार एक ग्रॅम वस्तुमान सुमारे ९० लाख कोटी ज्यूल ऊर्जेशी तुल्य आहे. ही ऊर्जा प्रारणाच्या, म्हणजे विद्युतचुंबकीय तरंगांच्या रूपाने पृथ्वीवर पोहोचते. तारापूर येथे १९६९ पासून कार्यान्वित झालेल्या अणुवीज केंद्रात केंद्रकीय ऊर्जाच वापरली जाते. मात्र तेथे हलक्या केंद्रकांचे संमीलन होत नसून युरेनियमच्या जड केंद्रकाचे विखंडन होते.

*उष्णता :* समुद्रावर पडणारे सूर्यप्रकाशाचे प्रारण शोषले जाऊन पाण्याच्या रेणूंची यादृच्छिक गती वाढते. पदार्थाच्या कणांत अशा प्रकारे विखुरलेल्या ऊर्जेला आंतरिक ऊर्जा म्हणतात आणि तापमानातील फरकामुळे होणाऱ्या तिच्या वहनास उष्णता म्हणतात. सामान्य तापमानाला एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. ढगात वाफेचे पुन्हा पाणी होताना ही ऊर्जा हवेत मुक्त होते आणि मोसमी ढगांच्या उभारणीला बळ देते. महाबळेश्वर-कोयना परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामागे हीच यंत्रणा कार्यरत असते.

*स्थितिज ऊर्जा :* वस्तूच्या स्थानामुळे अथवा अवस्थेमुळे तिच्या ठायी असलेली ऊर्जा म्हणजे स्थितिज ऊर्जा. उंचावरील वस्तूच्या बाबतीत ती वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराएवढी असते. काटेकोरपणे बोलायचे तर ही ऊर्जा एकट्या पाण्याची नसून पृथ्वी आणि पाणी या जोडीची असते. कोयना धरण सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आहे, तर पोफळीचे वीजगृह पश्चिमेकडे कोकणच्या बाजूला आहे. या दोन्ही ठिकाणांच्या पातळीतील फरक सुमारे ४७५ मीटर धरता येतो. म्हणजे शिवसागर जलाशयातील प्रत्येक लीटर पाण्याच्या ठायी पोफळीच्या तुलनेत ४,६५५ ज्यूल स्थितिज ऊर्जा आहे. हेच पाणी वाफ करून उचलताना सूर्याने दिलेली ऊर्जा याच्या सुमारे ५०० पट होती. मनुष्य या विशाल व्यवहारातील केवळ शेवटचा अंश वापरतो, हे येथे ध्यानात यावे.

*गतिज ऊर्जा :* गतीमुळे वस्तूला प्राप्त होणारी ऊर्जा म्हणजे गतिज ऊर्जा. ती वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. वेग दुप्पट झाल्यास गतिज ऊर्जा चौपट होते; वेगाने धावणाऱ्या वाहनांचे अपघात अधिक घातक का ठरतात, याचे उत्तर या वर्गात आहे. जलाशयातील पाणी भुयारातून उल्लोळ विहिरीपाशी येते आणि तेथून तीव्र उताराच्या पोलादी नळांतून खाली उतरते. घर्षण नगण्य मानल्यास ४७५ मीटर उतरलेल्या पाण्याचा झोत सेकंदाला सुमारे ९६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटर वेगाने बाहेर पडेल. पोफळीच्या वीजगृहात हा झोत पेल्टन पद्धतीच्या चक्रावर आदळतो. चक्राच्या वाट्या अशा घडवलेल्या असतात की पाणी आपली बहुतेक गती चक्राला देऊन खाली पडते.

*विद्युत ऊर्जा :* चक्राच्या आसाला जोडलेल्या जनित्रात चुंबकीय क्षेत्र आणि तारेची वेटोळी यांच्या सापेक्ष गतीमुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो. हे तत्त्व मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधले. विद्युत ऊर्जेचे वैशिष्ट्य असे की ती दूरवर नेता येते आणि तिचे इतर कोणत्याही स्वरूपात सहज रूपांतर करता येते. पारेषण तारांत होणारे उष्णतेचे नुकसान विद्युतधारेच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून रोहित्राच्या साहाय्याने विद्युतदाब वाढवून धारा कमी केली जाते. तेवढ्याच शक्तीसाठी दाब दुप्पट केला की त्याच तारेतील नुकसान एक-चतुर्थांशावर येते.

*रासायनिक ऊर्जा :* रेणूंतील अणूंच्या परस्पर बंधांच्या मांडणीशी निगडित असलेली ही ऊर्जा कोळसा, खनिज तेल आणि अन्न यांत असते. तिचाही उगम प्रकाशसंश्लेषणाच्या द्वारे सूर्यापाशीच पोहोचतो. साठ किलोग्रॅम वजनाची व्यक्ती ४७५ मीटर उंची चढून गेली तर तिने गुरुत्वाविरुद्ध केलेले कार्य सुमारे २ लाख ७९ हजार ज्यूल भरते. हे एका युनिटच्या तेराव्या हिश्श्याएवढेच आहे. स्नायूंची कार्यक्षमता साधारणतः २० ते २५ टक्के असल्याने त्यासाठी अन्नातून सुमारे ३०० किलोकॅलरी खर्ची पडतात. एका युनिटची किंमत देयकावर काही रुपये दिसते. मानवी श्रमाच्या मापाने मात्र ते घाटाची तेरा चढणे चढण्याएवढे आहे.

४. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम

वरील साखळीत प्रत्येक टप्प्यावर स्वरूप बदलले, पण एकूण ऊर्जा कायम राहिली. हा नियम एका व्यक्तीचा वा एका दिवसाचा शोध नव्हे. रम्फोर्ड यांनी १७९८ मध्ये तोफांच्या नळ्या कोरताना निर्माण होणारी उष्णता संपतच नाही, हे निदर्शनास आणले आणि उष्णता हा एक द्रवपदार्थ आहे या तत्कालीन मतास धक्का दिला. जर्मन वैद्य रॉबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये, तर हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये अक्षय्यतेची सैद्धांतिक मांडणी केली. जेम्स ज्यूल यांनी पाण्यात फिरणाऱ्या पात्यांच्या प्रयोगाने किती कार्याला किती उष्णता, याचा हिशेब अचूकपणे मांडला.

ज्यूल यांनी १८४५ मध्ये असे अनुमान केले होते की, नायगारा धबधब्याचे पाणी १६० फूट कोसळल्यामुळे सुमारे एक-पंचमांश अंश फॅरनहाइटने तापेल. हाच हिशेब कोयनेला लावता येतो. पाणी कोणतेही यंत्र न फिरवता ४७५ मीटर कोसळून तळाशी स्थिरावले असते, तर त्याचे तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढले असते. वीजगृह ऊर्जेची ‘निर्मिती’ करीत नाही. अन्यथा पाण्याच्या तापमानात विरून गेली असती अशी ऊर्जा ते विजेच्या रूपाने बाजूला काढते. ‘वीजनिर्मिती’ हा शब्द व्यवहारात रूढ आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. मात्र अध्यापनात त्याचा अर्थ ‘रूपांतर’ असा स्पष्ट करणे अगत्याचे आहे.

५. मग ‘बचत’ कशाची?

ऊर्जा नष्टच होत नसेल तर ती वाचवायची कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. याचे उत्तर उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात आहे. सादी कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाच्या कार्यक्षमतेला मूलभूत मर्यादा असल्याचे दाखवले आणि क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ ही संज्ञा दिली. या नियमाचा मथितार्थ असा की, प्रत्येक प्रत्यक्ष रूपांतरात ऊर्जेचा काही अंश पसरट, विखुरलेल्या उष्णतेत जातो आणि तो संपूर्णपणे पुन्हा कार्यासाठी वापरता येत नाही. परिमाण टिकते, उपयुक्तता घटते.

कोयनेच्या पाण्याने हे चांगले समजते. वीजगृहातून बाहेर पडणारे अवजल नष्ट झालेले नसते. त्यातील थेंबन् थेंब शिल्लक असतो. संपलेली असते ती त्याची उंची. पोफळीचे अवजल कोळकेवाडी धरणात अडवून अलोरे येथील तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहातून पुन्हा वीज घेतली जाते, कारण तेथे अजून सुमारे १०० मीटरहून अधिक उंची उरलेली असते. वाशिष्ठी नदीतून तेच पाणी समुद्रसपाटीला पोहोचल्यावर मात्र त्यातून आणखी वीज मिळत नाही. दिवा, पंखा आणि यंत्र यांतून गेलेल्या ऊर्जेचेही असेच होते. ती खोलीच्या हवेत, भिंतींत आणि अखेरीस अवकाशात जाणाऱ्या प्रारणात शिल्लक असते, परंतु तिची ‘उंची’ संपलेली असते.

औष्णिक वीज केंद्राची कार्यक्षमता जलविद्युत केंद्राहून कमी का, याचेही स्पष्टीकरण येथेच मिळते. उत्तम जलविद्युत यंत्रे पाण्याच्या स्थितिज ऊर्जेचा सुमारे ९० टक्के भाग विजेत रूपांतरित करतात. चंद्रपूरसारख्या कोळशावर चालणाऱ्या केंद्रात मात्र रासायनिक ऊर्जेचे आधी उष्णतेत रूपांतर होते. वाफ सुमारे ५४० अंश सेल्सिअस आणि शीतक ४० अंश सेल्सिअस धरल्यास कार्नो मर्यादा सुमारे ६१ टक्के येते. प्रत्यक्षात एक-तृतीयांशाच्या आसपासच वीज हाती लागते. प्रतिकिलो ४,००० किलोकॅलरी उष्मांकाचा कोळसा गृहीत धरल्यास एका युनिटमागे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. उरलेली ऊर्जा शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. हा केवळ अभियंत्यांच्या कौशल्याचा प्रश्न नसून त्यात निसर्गनियमाची मर्यादाही अंतर्भूत आहे.

याच दृष्टीने पंधरा लीटर पाण्याची बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवण्याचा विचार करावा. त्यासाठी सुमारे १२.५ लाख ज्यूल, म्हणजे ०.३५ युनिट लागते. ही ऊर्जा कोयनेच्या विजेतून घेतली तर कोणतेही नुकसान न धरताही सुमारे २७० लीटर पाणी सह्याद्रीवरून खाली सोडावे लागते. उच्च प्रतीच्या विजेचे कोमट पाण्याच्या कनिष्ठ प्रतीच्या उष्णतेत रूपांतर करणे हा उपयुक्ततेचा अपव्यय होय. तेच काम छतावरील सौर बंब थेट सूर्याच्या उष्णतेवर करू शकतो. ऊर्जाबचत म्हणजे ज्या कामाला ज्या प्रतीची ऊर्जा पुरेशी आहे, तीच त्यासाठी योजणे.

६. मेगावॅट, युनिट आणि सार्वजनिक चर्चा

शक्ती आणि ऊर्जा यांतील गोंधळाचे परिणाम सार्वजनिक चर्चेत स्पष्ट दिसतात. कोयना प्रकल्पाच्या सर्व वीजगृहांची एकत्रित स्थापित क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे. पैकी पहिला व दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅट आणि चौथा टप्पा १,००० मेगावॅट आहे. ही शक्ती आहे. वर्षभरात मिळणारी ऊर्जा नव्हे.

एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाण्याचे वस्तुमान सुमारे २,८३० कोटी किलोग्रॅम असते. ते ४७५ मीटर उतरल्यास सुमारे ३.६६ कोटी युनिट आणि ९० टक्के कार्यक्षमतेने सुमारे ३.३ कोटी युनिट वीज मिळते. आइन्स्टाइन यांच्या समीकरणानुसार या एक टीएमसी पाण्याची उंचीमुळे असलेली सारी ऊर्जा जेमतेम दीड ग्रॅम वस्तुमानाशी तुल्य आहे, ही तुलनाही उद्बोधक ठरावी. पहिला, दुसरा आणि चौथा टप्पा मिळून १,६०० मेगावॅट अहोरात्र चालवले तर दिवसाला ३.८४ कोटी युनिट वीज मिळेल आणि त्यासाठी सुमारे १.१६ टीएमसी पाणी लागेल. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, १९७६ च्या अंतिम निर्णयात कोयनेतून पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसी ही मर्यादा घातली. वरील दराने हे पाणी सुमारे ५८ दिवसांत संपेल. म्हणूनच कोयनेची यंत्रे अखंड न चालवता प्रामुख्याने कमाल मागणीच्या तासांत चालवली जातात. मोठा दर आणि मर्यादित साठा, हे या प्रकल्पाचे खरे स्वरूप आहे. केवळ मेगावॅटचा आकडा पाहणाऱ्यास ते कळत नाही.

कृषिपंपांबाबतही हेच दिसते. महाराष्ट्रात मीटर नसलेल्या कृषिपंपांना अश्वशक्तीनुसार आकारणी होत आली आहे आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मोफत वीज योजनेचा निकषही साडेसात अश्वशक्तीपर्यंतचा पंप हाच आहे. अश्वशक्ती हा दर आहे. पाच अश्वशक्तीचा पंप पूर्ण भाराने दोन तास चालल्यास सुमारे ७.५ युनिट आणि आठ तास चालल्यास सुमारे ३० युनिट कार्य देतो. आकारणीत मात्र दोहोंत भेद उरत नाही. अशी आकारणी योग्य की अयोग्य, हा धोरणाचा प्रश्न असून शेतकऱ्याच्या आर्थिक स्थितीचा विचार त्यात येणारच. परंतु आपण नेमके काय मोजत आहोत, हे तरी चर्चा करणाऱ्यांस ठाऊक असले पाहिजे.

कोयनेचे पाणी पूर्वेकडे सिंचनासाठी सोडावे की पश्चिमेकडे विजेसाठी, हा वादही असाच आहे. पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यातून पायथा वीजगृहात काही वीज मिळते, पण तेथे उपलब्ध उंची घाटाच्या पश्चिम कड्याच्या तुलनेने फारच कमी आहे. दुसरीकडे, पश्चिमेस गेलेले पाणी कृष्णा खोऱ्यातील शेतीला कायमचे मुकते. एक टीएमसीच्या एका बाजूला सुमारे ३.३ कोटी युनिट आणि दुसऱ्या बाजूला पिके व पिण्याचे पाणी, असा हा तराजू आहे. भौतिकशास्त्र पारड्यांतील एका वजनाचा आकडा अचूक सांगते. कौल देण्याचे काम समाजाचे आहे. या धरणासाठी विस्थापित झालेल्या कुटुंबांनी मोजलेली किंमत तर कोणत्याही युनिटमध्ये बसणारी नाही.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. ऊर्जेची स्वरूपे अनेक असली तरी ती एकाच राशीची रूपे आहेत आणि परस्परांत निश्चित प्रमाणात रूपांतरित होतात. कोणत्याही रूपांतरात एकूण ऊर्जा कायम राहते, परंतु तिची उपयुक्तता घटत जाते. बचत करावयाची ती या उपयुक्ततेची. शक्ती हा दर आणि ऊर्जा हे परिमाण असल्याने मेगावॅट व युनिट हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत.

अध्यापनाच्या दृष्टीने भाषेच्या शिक्षकाने ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ यांतील भेद जपावा, वाणिज्याच्या शिक्षकाने विजेच्या देयकावरील युनिटचा अर्थ उलगडावा, भूगोलाच्या शिक्षकाने धरणाच्या साठ्याबरोबर त्याची उंचीही सांगावी आणि विज्ञानाच्या शिक्षकाने सूत्राला परिसरातील आकड्यांची जोड द्यावी, एवढे झाले तरी विद्यार्थ्यांच्या मनातील बराचसा संभ्रम दूर होईल. पाणी, कोळसा आणि वीज यांविषयीचे निर्णय उद्या हेच विद्यार्थी घेणार आहेत. तेव्हा हिशेब कोणत्या एककात मांडायचा, याची जाण त्यांना महाविद्यालयातच मिळणे गरजेचे आहे.